काकांचा साहेब आणि काकूंचा पदर

घर भाड्याने देताना लोक नोकरी विचारतात, गाव विचारतात, घरात मटण शिजतं का ते विचारतात. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला खिडकीपाशी उभं केलं, हनुवटीला दोन बोटं लावून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, एक डोळा मिटून बराच वेळ निरखलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, बाहेर ये. कान बघ यांचा. असा कान अख्ख्या सुरतेत नाही."

आतून उत्तर आलं, "कानाचं काय लोणचं घालायचंय? माणसं कशी आहेत ते बघा."

"कानावरून कळतं," काका म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

प्लेगच्या घबराटीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यांची बँकेतली बदली सुरतेला झाली हे कळल्यावर सांगलीला सासूबाईंनी लाडवांच्या डब्यात तळाशी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घालून दिल्या होत्या. आम्ही जीव मुठीत धरून आलो, तर शहर चकाचक झाडलेलं. त्या शहरात आम्हांला छप्पर मिळालं ते नवऱ्याच्या कानाच्या पुण्याईवर. बमरोली रोडला, साड्या छापणाऱ्या मिलांच्या मागच्या बाजूला, काकांचं लहानसं दुमजली घर होतं. खाली काका, काकू आणि त्यांचा मुलगा संजू, वर आम्ही दोघं. मला जवळच्याच मराठी शाळेत नोकरी लागली.

काकांनी उभी हयात एका मिलच्या डिझाइन खात्यात काढली होती. पानं, फुलं, वेलबुट्ट्या, कोयऱ्या. त्यांनी आखलेल्या काठापदरांच्या साड्या नेसून किती बायका लग्नाला उभ्या राहिल्या असतील, देव जाणे. पण काकांना त्याचं कौतुक नव्हतं. "जन्मभर फुलं काढली," ते म्हणायचे, "एका फुलाने कधी माझ्याकडे वळून बघितलं नाही. आता मला उलट बघणारं काहीतरी काढायचंय." उलट बघणारं म्हणजे माणसाचा चेहरा. आणि चेहरा काढायचा तर तो साध्या कागदावर पेन्सिलीने नव्हे, साहेबासारखा.

साहेब त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर होता. नदीकाठच्या जुन्या बाजारात पितळी नळ आणि तुटक्या घड्याळांच्या ढिगात काकांना तो सापडला होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कुणी गोरा माणूस, गालांवर भरघोस कल्ले, गळ्याला उंच कॉलर, आणि आत्ताच कुणीतरी खोटं बोललंय असा चेहरा. खाली पेन्सिलीने केलेली सही होती, ती कुणालाच लागत नव्हती. लांबून बघितलं तर फोटो वाटायचा. जवळ गेलं की कळायचं, सगळा माणूस रेघांचा आहे. केसापेक्षा बारीक रेघा. कोट काळा, तर तिथे रेघांवर रेघा आडव्यातिडव्या. गाल उजळ, तर तिथे चार-दोन. डोळ्यातला चमकता ठिपका म्हणजे तर नुसता कोरा कागद, त्याला हातच लावलेला नाही. हे सगळं मला ठाऊक आहे याचं कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काका पाण्याच्या ग्लासाआधी भिंग द्यायचे. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारासुद्धा खांद्यावरचं ओझं उतरवून आधी साहेबाचे कल्ले बघायचा.

पाहुण्यांपैकी निम्मे लोक विचारायचे, "तुमचे वडील का?" काका म्हणायचे, "वडील नाहीत, पण मानतो." काकू दसऱ्याला घरातली कात्री, विळी, शिवणयंत्र यांच्याबरोबर साहेबालाही झेंडूचं फूल वाहायच्या. वर म्हणायच्या, "गोरा मेला घरात राहतो, पण चहा मागत नाही, एवढं बरं आहे."

साहेबाचं चित्र ज्या रीतीने केलं होतं ती रीत काकांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकावरून आणि बऱ्याचशा स्वतःच्या हट्टावरून घरी उभी केली. त्याला ते एचिंग म्हणायचे. काकू त्याला तांबं नासवणं म्हणायच्या. दोघांचंही बरोबर होतं.

आधी लागायचा तांब्याचा पत्रा. तो काकूंच्या माहेरहून आलेल्या पाणी तापवायच्या बंबातून कापून निघाला. (त्या कथेत मी शिरत नाही. काकू अजून जिवंत आहेत.) पत्रा आरशासारखा घासायचा, गरम करून त्यावर मेण आणि डांबर यांचा पातळ थर द्यायचा, मग पत्रा पालथा धरून खाली मेणबत्त्या लावायच्या आणि बाळाच्या काजळासारखी काजळी धरायची. अशा काळ्याकुट्ट पत्र्यावर ग्रामोफोनच्या सुईने चित्र ओरखडायचं. सुई जिथे फिरेल तिथलं मेण निघतं आणि तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब मेणाला शिवत नाही, उघड्या तांब्याला मात्र खातं, आणि रेघ खोल जाते. त्या खोल रेघेत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबायचं, की चित्र कागदावर.

"जिथे काळं पाहिजे तिथे तेजाबाला पोटभर जेवू द्यायचं," काका मला समजावायचे, "आणि जिथे फिकं पाहिजे तिथे वार्निश लावून त्याला अर्ध्या ताटावरून उठवायचं."

तेजाब भागळ बाजारातल्या एका ओळखीच्या सोनाराकडून यायचं आणि काकूंच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत राहायचं. काकूंना हे कळलं त्या दिवशी मी खान्देशी बोलणं पहिल्यांदा पूर्ण जोरात ऐकलं. एरवी त्या माझ्याशी साधं मराठी बोलत, पण राग आला की थेट माहेरचं अमळनेर. "हाई काय करी ठेयं तुम्ही? मनी बरणी शे ती, मनी!" काका शांतपणे कबुतराच्या पिसाने पत्र्यावरचे बुडबुडे सारत होते. दूध उतू जाईल म्हणून बाई जशी पातेल्यापाशी उभी राहते, तसे ते तेजाबाच्या थाळीपाशी उभे असायचे. मागच्या व्हरांड्यातून पिवळट धूर निघाला की शेजारच्या जसूबेन गच्चीवरून ओरडायच्या, "काका, पहेलां मने कहो, पछी धुमाडो करो! मारा पापड सुकाय छे!"

दाब द्यायला यंत्र हवं, ते कुठून आणायचं? काकांनी उसाच्या रसाचा एक मोडीत निघालेला चरक आणला. उधन्याच्या खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, त्याच्या लाटा गुळगुळीत करून घेतल्या, आणि त्यातून ऊस जावा तसा पत्रा आणि कागद आत घालून बाहेर काढू लागले. छाप बरे यायचे. फक्त चरकाच्या बेचक्यांत मुरलेला रस पूर्णपणे कधी गेलाच नाही. काकांच्या सुरुवातीच्या चित्रांना मुंग्या लागत.

आता चेहरे. काकांना माणूस दिसायचा नाही, रेघा दिसायच्या. भाजीवालीला ते म्हणत, "मावशी, कपाळाला आठ्या असू दे, तशीच उभी राहा." एकदा ते मिलमधल्या जुन्या सोबत्याच्या घरी भेटायला गेले. सोबती वारला होता, घरात रडारड चालली होती. काकांनीही डोळे पुसले, आणि मग मयताच्या मेव्हण्याचा दंड धरून त्याला हळूच म्हणाले, "जरा दाराकडे तोंड करता? तुमचं रडणं अंधारात वाया चाललंय." त्या घरी काकूंना पुढे वर्षभर तोंड दाखवता आलं नाही.

भाडेकरूंना तर सुटकाच नव्हती. कानाच्या करारानुसार माझा नवरा रविवारमागून रविवार त्यांच्यापुढे बसला. काकांनी बहुतेक सगळा वेळ कानात घालवला. उरलेला नवरा त्यांनी शेवटच्या बैठकीत चहा निवेपर्यंत उरकला. छाप सांगलीला पाठवला तेव्हा सासूबाईंनी उलट टपाली विचारलं, हे गृहस्थ कोण, कान बरा आहे. त्यात आणखी एक भानगड होती. पत्र्यावर जसं काढावं त्याच्या उलटं कागदावर येतं. डावं ते उजवं होतं. त्यामुळे नवऱ्याच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला, भांग फिरला, आणि सदऱ्याची बटणं बायकांच्या झंपरासारखी दुसऱ्या बाजूला आली. काकू ते चित्र बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "यांचं सगळं उलटंच येतं हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून बघतेय."

ते हसणं काकांना लागलं. पण त्यावरचा तोडगा त्यांनी कुणाला सांगितला नाही. कारागिराने युक्ती सांगायची नसते, असं त्यांचं मत होतं. पुढची सगळी गडबड त्या मतामुळे झाली.

संजू कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. सालस मुलगा, बापासारखा अजिबात नाही. त्याच क्लासमध्ये हेतल नावाची मुलगी शिकवायची. ती गुजराती होती, घर तिचं कामरेजला, वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान. एके दिवशी जेवताना संजूने घास हातात धरून घरात सांगितलं की लग्न करीन तर हिच्याशी, पण आई नको म्हणाली तर करणार नाही. हे दुसरं वाक्य त्याने भाबडेपणाने घातलं होतं. काकूंनी तेवढंच धरलं. त्या नको म्हणाल्या.

काकूंचा विरोध डाळीवरून सुरू झाला. गूळ घालतात. मग म्हणे सणवार वेगळे. मग खरी गोष्ट बाहेर आली, ती पदराची. आपला पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो. इकडच्या बायकांचा मागून येऊन उजव्या खांद्यावरून पुढे पडतो. "त्या खांद्यावरचा पदर माझ्या चुलीपुढे वावरताना मी बघणार नाही," काकू म्हणाल्या. "तशी आली तर मी अमळनेरची गाडी धरीन."

मला हसू आलं. एवढ्याशा गोष्टीवरून एवढं? मी तसं बोललेही. काकू वांग्याचं भरीत घोटत होत्या, त्या थांबल्या.

"तुला एवढीशी वाटते," त्या म्हणाल्या. "आम्ही इथे आलो तेव्हा या रस्त्याला शेतं होती. मला गुजरातीचं अक्षर येत नव्हतं. आता माझ्या नणंदेची पोरं आपसांत भांडतात तीसुद्धा गुजरातीत. संजू झोपेत बोलतो तेही गुजराती. माझी बोली माझ्याशी बोलायला कोण उरलंय? हे बोलतात, तर ते रेघांवर बोलतात. माझ्यामागे या घरात माझ्यासारखं कोण दिसणार आहे, सांग बरं?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी मुकाट्याने भरितात कोथिंबीर घातली.

घरात अबोला सुरू झाला. काकू संजूशी बोलेनात, आणि मुलाला समजावत नाहीत म्हणून काकांशीही बोलेनात. काकांशी अबोला धरण्यातली अडचण अशी की तो चालू आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "हल्ली घरात फार शांत वाटतं. जसूबेन गावाला गेल्यात का?"

इकडे हेतलच्या घरून निरोप आला. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आम्ही घरी येतो, काय ते समोरासमोर होऊ द्या. तुमचा नकार असेल तर मुलीला दुसरं स्थळ बघायला आम्ही मोकळे. संजूचं जेवण तुटलं. आणि त्याच दिवशी काकूंनी अशी गोष्ट केली की काकांच्या हातातली सुईच गळून पडली. इतकी वर्षं त्या काकांपुढे बसायला साफ नकार देत आल्या होत्या. त्या बाहेर आल्या, काकांकडे न बघता साहेबाकडे बघत म्हणाल्या, "तो गोरा भिंतीवर बसतो, तर मी का नको? त्या लोकांनी आल्या आल्या बघावं, या घरची बाई कशी असते. रविवारपर्यंत होईल म्हणावं, तर मी बसते."

"होईल," काका म्हणाले. जन्मभर हातातोंडाशी असलेलं नाक आज त्यांना मिळालं होतं.

बैठका सकाळच्या उजेडात व्हायच्या. मी त्या वेळी शाळेत, संजू क्लासला, हे बँकेत. त्यामुळे तिथे काय चाललं होतं हे आम्हां कुणाला ठाऊक नव्हतं. मला ते नंतर कळलं, नवराबायकोंच्या तोंडून वेगवेगळं.

झालं असं. काकांचा गुप्त तोडगा म्हणजे बंद पडलेल्या एका न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा. समोरचं माणूस आरशात बघून काढायचं. आरशात ते उलटं दिसतं, ते तसंच पत्र्यावर काढलं की छापताना आणखी एकदा उलटतं, म्हणजे शेवटी सुलट. साहेब ज्याने काढला तोही असंच करत असणार, असं काकांचं म्हणणं. आता आरशात बघायचं तर माणसाकडे पाठ करावी लागते. काकूंना एवढंच दिसलं की आपण नथ घालून, रेशमी लुगडं नेसून खुर्चीवर बसलो, आणि हा बाबा आपल्याकडे पाठ करून बसला. त्यांना वाटलं, अबोल्याचा राग काढतायत. आरसा उजेडासाठी असेल. त्यांनीही विचारलं नाही. मान राखून, मान ताठ ठेवून, आठवडाभर त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत बसल्या.

पण बसण्याआधी त्यांनीही आपल्या परीने एक शहाणपण केलं होतं. यांचं सगळं उलटं येतं, हे माझ्या नवऱ्याच्या बटणांवरून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. नाकातली नथ काही दुसऱ्या नाकपुडीत घालता येत नाही, तिथे भोकच नाही. पण पदर आपल्या हातात आहे. तेव्हा रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून त्या पदर उजव्या खांद्यावर घ्यायच्या, जसूबेन घेतात तसा. म्हणजे छापात तो आपोआप डाव्या खांद्यावर जाईल. ज्या पदरावरून घर पेटलं होतं, तोच पदर त्या दाताखाली ओठ धरून आठवडाभर मिरवत होत्या, आणि तेही आपला पदर राखण्यासाठी.

आणि काकांच्या लक्षात आलं नाही? नाही आलं. ते नाकात होते. सबंध आयुष्य साडीचे पदर आखण्यात गेलेल्या माणसाला, बायकोचा पदर कुठल्या खांद्यावर असतो हे ठाऊक नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अगं, टेबलावर साडी सपाट असते."

रविवार उजाडला. हेतल, तिची आई आणि वडील असे तिघे आले. हेतल दारात दिसली आणि मी काकूंकडे बघितलं. पोरगी पंजाबी ड्रेसमध्ये होती, ओढणी दोन्ही खांद्यांना पिना लावून नीट बसवलेली. काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काय बोलावं ते न सुचल्यासारखं काहीतरी दिसलं. वडिलांनी आत येताच साहेबाला हात जोडले. संजूने खुलासा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

काकू खुर्चीच्या कडेला बसल्या. त्या काय बोलणार हे मला ठाऊक होतं, त्यांनी सकाळी मला पाठ म्हणून दाखवलं होतं. तुमची मुलगी गुणी आहे, पण आमचं घर वेगळं, रीत वेगळी, राग मानू नका. त्यांनी घसा साफ केला. संजू जमिनीकडे बघत होता. हेतल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून चरक करकरल्याचा आवाज आला, मग एक आरोळी, आणि काका धावतच आत आले. बाह्या कोपरापर्यंत वर, हात शाईने काळे, कपाळावरही काळा पट्टा. पाहुणे आलेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोन चिमट्यांत ओला कागद धरून त्यांनी तो सगळ्यांच्या मधोमध नाचवला. "नाक बघा! अरे, नाक बघा! साहेबाने असं नाक आणून दाखवावं!"

नाक खरंच देखणं होतं. सगळं तोंडच देखणं होतं. काकू होत्या, अगदी तिथे होत्या. मिटलेले ओठ, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, डाव्या नाकपुडीत नथ, मोती न् मोती वेगळा. आणि उजव्या खांद्यावरून पुढे, ऐटीत, पडलेला पदर.

मग हेतलची आई उठली. चित्राजवळ गेली, भिंग नव्हतं तरी वाकून वाकून बघितलं, आणि वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "नाकमां नथ तमारी," ती काकूंना म्हणाली, "अने पालव अमारो. वेवाण, अमे तो घरेथी बीतां बीतां आव्यां हतां. अने तमे तो पहेलेथी ज..." भीत भीत आलेल्या तिला वाटलं, होणाऱ्या विहीणबाईंनी पदर आधीच आपल्यासारखा घेतलाय. तिने काकूंचे दोन्ही हात धरले. वडिलांनी पुन्हा एकदा हात जोडले, या खेपेला काकूंना.

काकूंचे हात तिच्या हातांत होते आणि डोळे काकांवर. दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्हले डोया शेतस का नही?"

"का? नाक चुकलं?" काकांचा चेहरा पडला.

"पदर!"

काकांनी चित्राकडे बघितलं, मग काकूंच्या खांद्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. "असा नसतो का?"

"तुमचं उलटं येतं म्हणून मी उलटा घेतला होता!"

"अगं, पण मी आरशात बघून काढलं!"

"आरशात?" काकू थांबल्या. "म्हणजे पाठ करून बसला होतात ते..."

"तुलाच तर बघत होतो," काका म्हणाले. "दुसरं काय होतं आरशात?"

हे सगळं इतक्या घाईने, इतक्या खालच्या आवाजात आणि इतक्या खान्देशी हेलात झालं की पाहुण्यांना ते नवराबायकोंचं कौतुक वाटलं असावं. ती मंडळी हसऱ्या चेहऱ्याने बघत होती. काका मुळात सरळ माणूस. चूक झाली तर ती सांगितली पाहिजे, आणि तंत्राची चूक तर आकृती काढून सांगितली पाहिजे. ते पाहुण्यांकडे वळले. "जुओ, ए तो एम थयुं के आरीसामां..."

"बसा तुम्ही," काकू म्हणाल्या.

काका बसले. संजूने डोळे मिटून घेतले होते. काकू चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मी त्यांच्या बाजूला होते, म्हणून मला दिसलं. त्या आधी पदराकडे बघत होत्या, मग तोंडाकडे. त्यांचं तोंड इतकं निरखून याआधी कुणी बघितलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. त्या क्षणी त्यांनी पाठ केलेलं म्हटलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

त्या हेतलकडे वळल्या. "साडी नेसता येते?"

हेतल घाबरली. "ना, आंटी... मम्मी पहेरावे. लग्नबिग्न असेल तर."

"कुठल्याच खांद्यावर नाही येत?"

"नाही."

"मग महिनाभर मी भांडले कुणाशी?" काकू म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "ऊठ, चहा टाक. साखर त्यांच्या हिशेबाने घाल." संजूने डोळे उघडले. काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही, त्या हेतलशीच बोलत होत्या. "साडी मी शिकवीन. मला येते तशी शिकवीन. पुढे तुझा खांदा, तू बघ."

लग्न त्याच हिवाळ्यात झालं. वराचा बाप मांडवात भटजींच्या भुवया बघत हरवला आणि अक्षतांच्या वेळी त्याला शोधून आणावं लागलं, यापलीकडे काही विघ्न आलं नाही. काकांना मात्र चैन नव्हतं. खांदा घासून, तांबं पुन्हा सपाट करून, पदर डावीकडे नेऊन देतो, असं ते रोज म्हणायचे. काकूंनी तो पत्रा उचलून आपल्या रेशमी लुगड्यांच्या घड्यांत ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. छाप तेवढे आधीच निघाले होते. एक कामरेजला गेला, एक इथे हॉलमध्ये, साहेबाच्या शेजारी लागला.

पुढे उन्हाळ्यात काकूंची धाकटी बहीण अमळनेरहून आली. लग्नाला तिला येता आलं नव्हतं. मी जिन्यावरून उतरत होते, दार उघडंच होतं. काका तिच्या हातात भिंग देत होते. तिने भिंग बाजूला ठेवलं आणि लांबूनच चित्राकडे बोट केलं.

"हाई गुजराथीन कोन शे वं?"

काका तत्परतेने उठले. आरसा कुठे, पत्रा कुठे, काकू कुठे, सगळं दाखवायला त्यांनी दोन्ही हात हवेत उचलले. काकू आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी कप बहिणीपुढे ठेवला, चित्राकडे एकदा बघितलं आणि पदराने हात पुसले.

"मीच शे," त्या म्हणाल्या. "बठ, च्या पे."